पाय बुवांचे, पुण्य शेठजींचं

पुण्य हे असं धन आहे, की ते चोर नेत नाही, सरकार त्यावर कर लावत नाही आणि भावाभावांत वाटलं तरी ते कमी होत नाही. जबलपूरच्या खिरवडकरांकडे असं धन चार पिढ्यांपासून होतं. बाकीचं जे काही होतं ते चोर, सरकार आणि भाऊ यांनी आपापल्या परीने नेलेलं असल्यामुळे घरातल्या मंडळींचं या पुण्याकडे अंमळ जास्तच लक्ष असे.

ते मिळवलं होतं अच्युतबुवांनी, म्हणजे रत्नाकर खिरवडकरच्या पणजोबांनी. बुवांनी नर्मदेची परिक्रमा केली होती आणि ती एकदा नाही, चारदा. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत आणि समुद्रापासून परत, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही पात्र ओलांडायचं नाही, आणि हे सगळं पायी. एका परिक्रमेला तीन वर्षांच्या वर लागतात. म्हणजे बुवांच्या उमेदीचा बहुतेक काळ नदीकाठी गेला. उरलेल्या काळात त्यांना सहा मुलं झाली, पण त्याने वैराग्याला बाध येत नाही असं घरात मानत.

बुवांचा फोटो नेपियर टाउनच्या घरात, बैठकीत, टीव्हीच्या वर टांगलेला आहे. फोटोत बुवा कमरेपर्यंतच आहेत. ज्या अवयवांनी घराण्याचं नाव काढलं, ते फ्रेमच्या बाहेर राहिले.

हे पुण्य घरात मिठासारखं लागेल तिथे वापरलं जाई. रत्नाकर बीएस्सीला एकदा आपटला तेव्हा वडील म्हणाले, "घाबरू नको, मागे चार परिक्रमा आहेत." त्याच्या मुलाला, वेदांगला, बंगळुरात नोकरी लागली तेव्हाही त्यांचाच गुण आला. मात्र या पुण्याचा सर्वात नियमित वापर झाला तो विनताआत्याला कुठे न पाठवण्यासाठी.

विनताआत्या ही रत्नाकरच्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आता ऐंशी ओलांडून याच घरात वरच्या खोलीत राहते. शाळेत असताना तिच्या वर्गाची सहल ओंकारेश्वरला निघाली होती. तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, "विनू, आपल्या घरी चार परिक्रमा पडून आहेत. तुला वेगळं जायचं काय काम?" मग शिक्षिका झाल्यावर अमरकंटकची सहल आली. तेव्हा थोरल्या भावाने तेच वाक्य म्हटलं. पुढे पुढे कुणी म्हणायची वाट न बघता आत्या ते स्वतःच म्हणू लागली, आणि लोकांना वाटू लागलं की तिला जायचंच नाही.

अलीकडे ती निरवानिरवीचं बोलत असे, पण अगदी शांतपणे. "मला काही चिंता नाही," ती म्हणे. "चार परिक्रमांत माझा हिस्सा आहे. वर गेल्यावर मला कोणी काही विचारणार नाही." त्या भरवशावर ती सकाळ-संध्याकाळ गच्चीचे जिने चढत असे, मिरच्या वाळत घालत असे, आणि गुडघ्याला पट्टा बांधून खालीच बसलेल्या पुतण्याला वरून हाका मारत असे.

तर यंदा मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ 'आमचे मूळपुरुष' या विषयाला द्यायचं ठरलं. जुन्या घराण्यातल्या प्रत्येकाने येऊन आपल्या पूर्वजाबद्दल बोलायचं. मंडळाचे सचिव गुणवंत देशकर यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की त्यांचे मूळपुरुष भोसल्यांच्या वेळी किल्लेदार होते. तासाभरात आणखी दोन किल्लेदार, एक कमाविसदार आणि एक खाजगीकडले कारभारी निघाले. एवढे किल्लेदार होते तर किल्ले कुठे गेले, असं कोणी विचारलं नाही.

रत्नाकर संरक्षण खात्याच्या कारखान्यात निरीक्षण विभागातून निवृत्त झालेला. पुराव्याशिवाय माल पास करायचा नाही ही त्याची जन्माची सवय. बुवांचा पुरावा काय? मग त्याला आठवलं. दर वर्षी नर्मदाजयंतीला बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका कापडवाल्या शेठजींकडून घरी एक धोतर आणि नारळ येतो. आजोबांपासून येतो. 'आपले शिष्य पाठवतात' असं घरात म्हणत. शिष्याचीच साक्ष काढली तर किल्लेदार गप्प बसतील. त्याने एक शाल आणि श्रीफळ घेतलं आणि निघाला. शिष्याच्या दुकानाची पायरी आजवर एकही खिरवडकर चढला नव्हता. गुरूच्या घराण्याने तसं करू नये म्हणून, आणि कापड तिथे महाग मिळतं म्हणूनही.

कमानिया गेटातून आत शिरल्यावर स्कूटर चालवायची नसते, ढकलायची असते. रत्नाकरने ती एका भांड्याच्या दुकानापुढे लावली. दुकानदार म्हणाला, "भैया, यहाँ नहीं." हा म्हणाला, "बस दो मिनिट." दोघांचंही कर्तव्य पार पडलं.

श्यामसुंदर शेठ पांढऱ्याशुभ्र गादीवर बसले होते. पंचाहत्तरीचे, गोल, प्रसन्न गृहस्थ. रत्नाकरने नाव सांगताच ते उठून उभे राहिले. "अरे, बुवाजी के घर से! पधारिए पंडितजी, पधारिए."

कारखान्यात सगळी नोकरी 'खिरवडकर साब' ऐकण्यात गेली होती. पंडितजी म्हणून हाक मारणारा हा पहिलाच माणूस. रत्नाकर आपोआप मांडी घालून ताठ बसला, गुडघ्यातून कळ आली तरी. त्याने शाल शेठजींच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि म्हणाला, "सेठजी, आपका परिवार हमारे बुवाजी का शिष्य-परिवार है. हमारी विनती है कि आप मंडल में आकर दो शब्द बोलें."

शेठजींनी शाल कपाळाला लावली आणि विचारात पडले. "शिष्य? हमारे गुरुजी तो वृंदावन के हैं."

"मग... तो फिर बुवाजी?"

"बुवाजी तो हमारे परकम्मावाले थे," शेठजी म्हणाले. "जैसे घर का मुनीम होता है, घर का हलवाई होता है, वैसे परकम्मावाले."

रत्नाकरला वाटलं, आपलं हिंदी कमी पडतं आहे. साठ वर्षं जबलपुरात काढल्यावर तसं वाटणं बरं नव्हतं. पण शेठजींनी चहा मागवला आणि सगळं उलगडून सांगितलं, आनंदाने, जसं आपण घरातल्या जुन्या गायीबद्दल सांगतो.

शेठजींच्या पणजोबांनी परिक्रमेचा नवस बोलला होता. पण दुकान टाकून तीन वर्षं जाणार कोण? शिवाय गुडघे धरलेले. तेव्हा त्यांनी अच्युतबुवांना बोलावलं. सडपातळ माणूस, चालायचा झपाझप, घरी खायला तोंडं बरीच. ठरलं असं, की बुवांनी चालायचं आणि तोवर बुवांच्या घरचा शिधा, लुगडी, मुलांची औषधं सगळं दुकानातून जायचं. निघताना संकल्प त्या थोरल्या शेठजींच्या नावाने करायचा. परत आल्यावर इथल्या ग्वारीघाटावर उभं राहून बाटलीतलं नर्मदेचं पाणी शेठजींच्या ओंजळीत सोडायचं. पाणी ओंजळीत पडलं की परिक्रमा शेठजींची.

"परबाबा कहते थे," शेठजी म्हणाले, "पाँव बुवाजी के, पुन्य हमारा."

"और चारों?"

"चारों. पहली परबाबा की. दूसरी उनकी माताजी की. तीसरी उनके भाई के लिए, जो गुज़र गए थे. चौथी एक मुक़दमे के लिए बोली थी."

"जीते?"

"हारे. पर उसमें वकील की ग़लती थी, बुवाजी की नहीं."

रत्नाकर चहाच्या पेल्यात बघत राहिला. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "काम... ठीक करते थे?"

"एकदम पक्का काम," शेठजींनी कानाला हात लावला. "एक बार परबाबा ने चुपके से आदमी भेजा देखने को, कि बैलगाड़ी में तो नहीं बैठते. होशंगाबाद के आगे मिले. पैदल ही मिले. छाले फूटे हुए, और चल रहे."

निरीक्षण विभागाचा माणूस म्हणून रत्नाकरला एक क्षणभर फार बरं वाटलं. अचानक तपासणी झाली होती आणि माल पास झाला होता. मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला. "और अपने लिए? एखादी?"

शेठजी थोडे गंभीर झाले. "अपने लिए समय कहाँ मिला उनको. पाँव भी तो दो ही थे." मग म्हणाले, "बाबा कह गए हैं, जिसके पाँव का खाया, उसका कपड़ा मत भूलना. इसलिए धोती भेजते हैं. आप कार्यक्रम की तारीख़ बताइए. हम ज़रूर आएँगे. ये पूरा क़िस्सा मंच से सुनाएँगे."

आता शाल परत मागता येत नव्हती.

घरी प्रतिमा गवार मोडत बसली होती. नवऱ्याचा चेहरा बघून म्हणाली, "काहून हो? शिष्याने ओळख नाही दिली का?"

रत्नाकरने सगळं सांगितलं. "म्हणजे आपला माणूस भाड्याने चालायचा, प्रतिमा. दुसऱ्याचं पुण्य करून द्यायचा. असा धंदा असतो का कुठे?"

"मग मी काय करून राहिले तीस वर्षं?" प्रतिमा म्हणाली. "सोमवार तुमच्यासाठी, संकष्टी वेदांगच्या नोकरीसाठी, हरतालिका पुन्हा तुमच्यासाठी. बुवांना धोतर तरी येत होतं. मला कोणी ब्लाउजपीस नाही पाठवला."

दुपारी आडवा पडल्यावर रत्नाकरला आणखी एक गोष्ट सुचली आणि त्याची झोप उडाली. कारखान्यात दिवसभर तो ज्या हिंदी कागदांवर सह्या करी, त्या सहीवर एक शब्द असे, 'कृते'. कृते महाप्रबंधक. म्हणजे सही खिरवडकरची, पण केली महाप्रबंधकांनी असं समजायचं. एवढ्या वर्षांत त्याने स्वतःच्या नावाने केलेली सही एकच, निवृत्तीच्या अर्जावरची. घराण्याचा धंदा बंद पडला होता असं म्हणता येत नव्हतं. फक्त चालणं बंद झालं होतं.

बुवांचं काय ते झालं. अडचण विनताआत्याची होती. मंडळाच्या कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसणार, आणि शेठजी माइकवरून तिला सांगणार की बाई, तुमच्या खात्यात काही नाही. ज्या चार परिक्रमांच्या जिवावर ती मरायला मोकळी झाली होती, त्यांतली एकही तिची नव्हती. हे परक्याच्या तोंडून तिला कळावं, हे रत्नाकरला सोसेना. म्हणून त्याने आधी घरच्या घरी खोटं बोलून पाहिलं.

तो जिना चढून गच्चीवर गेला. मध्ये दोनदा थांबला. आत्या चटईवरच्या मिरच्या उलथत होती.

"आत्या, मंडळात यंदा नको येऊस. डास फार आहेत."

"डास घरी पण आहेत."

"कार्यक्रम कंटाळवाणा आहे. सगळे किल्लेदार बोलणार."

आत्याने हात थांबवला. पस्तीस वर्षं तिने मुलींचे गृहपाठ न केल्याचे बहाणे ऐकलेले होते. "रत्नू, काय झालं ते सांग. आणि पहिल्या ओळीपासून सांग."

रत्नाकरने सांगितलं. मुनीम, हलवाई, परकम्मावाले, ओंजळ, पाणी, मुकदमा. फक्त छाले वगळले. संपल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे शिल्लक शून्य."

"अगदी शून्य असं नाही म्हणता येणार—"

"चार वजा चार. शून्यच येते. तिसरीतल्या पोरी करतात."

ती पुन्हा मिरच्या उलथू लागली. मिरच्यांकडेच बघत म्हणाली, "मग मला काहून नाही जाऊ दिलं?"

रत्नाकर गच्चीच्या कठड्याला टेकला.

"माझा अख्खा वर्ग गेला होता ओंकारेश्वरला. माझ्या बाकावरच्या मीराने मला तिथून बांगड्या आणल्या. हिरव्या. मोठ्या झाल्या मला, हातात राहीनात." तिने एक मिरची पालथी केली. "आजोबांचं पुण्य आहे म्हणून मी घरी बसले. आणि पुण्य होतं बड्या फुहाऱ्याला. घरी कशावर बसले होते मी?"

अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीतरी मोठं बोललं जातं. तो म्हणाला, "आत्या, मी करतो. तुझ्यासाठी. संकल्प तुझ्या नावाने. आल्यावर पाणी तुझ्या ओंजळीत. आपल्या घरचंच काम आहे ते."

आत्याने त्याच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. "तू?"

"चालत नाही गं. आता बसने होते परिक्रमा. ग्वारीघाटावरून निघते, सगळं फिरवून परत तिथेच आणते."

"बसने होते?"

"हो. राहायची, जेवायची सोय असते. आता काय, कोणी पण जाऊन राहिलं."

"कोणी पण?" आत्याने विचारलं.

"कोणी पण. तू काही काळजी नको करू. तुला काहीच करायचं नाही. तू फक्त घरी बस."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. फळ्यावर उत्तर लिहून दिल्यावरही न कळलेल्या मुलीकडे बघावं तसं. मग तिने एक किडकी मिरची उचलून बाजूला टाकली.

"बरं," ती म्हणाली. "बसते. मला सवय आहे."

रत्नाकर जिना उतरला तेव्हा त्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटत होतं.

मंडळाची संध्याकाळ आली. दोन किल्लेदार बोलून झाल्यावर श्यामसुंदर शेठ रत्नाकरने दिलेली शाल पांघरून उभे राहिले आणि त्यांनी पहिल्या परिक्रमेपासून वकिलाच्या चुकीपर्यंत सगळं सांगितलं. छालेही सांगितले. रत्नाकर आपल्या चपलांकडे बघत होता.

मग गुणवंत देशकर माइकपाशी गेले, सचिव म्हणून आभार मानायला, आणि आभारांऐवजी भलतंच बोलले. "आता विषय निघालाच आहे तर सांगतो. आमचे किल्लेदार म्हणजे... किल्ल्यातच होते, त्यात खोटं नाही. पण ते घटिकापात्रावर बसायचे. पाण्यात ते छिद्राचं भांडं सोडायचं, ते बुडायची वाट बघायची, बुडलं की टोल द्यायचा. पुन्हा सोडायचं. जन्मभर."

"झोप लागली तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"एकदा लागली होती," देशकर म्हणाले. "त्या दिवशी किल्ल्यात दुपार झालीच नाही."

त्यानंतर मात्र रांगच लागली. हर्षा कान्हेरे म्हणाली की खाजगीकडले कारभारी म्हणजे तिचे पूर्वज हत्तीच्या रोटांना सरकारी तूप खरंच लावलं आहे की नाही, हे चाखून बघत. रोज, आणि हत्तीच्या आधी. एका घरची पणजी दुसऱ्यांच्या लेकींची पाठराखीण म्हणून सासरी जाऊन राही आणि मुलगी रडायची थांबली की परत येई. लोक हसत होते, एकमेकांना आणखी विचारत होते. मंडळात एवढा मोकळेपणा पंगतीतही बघितलेला नव्हता. सगळेच कोणाच्या तरी वतीने काहीतरी करत होते, आणि नीट करत होते.

कार्यक्रम संपल्यावर शेठजी पहिल्या रांगेपाशी आले आणि आत्याच्या पाया पडले. "बुआजी, आपके दादाजी के पाँव छूने का मौक़ा तो नहीं मिला."

आत्याने विचारलं, "सेठजी, आप ख़ुद कभी गए परकम्मा पे?"

"हम?" शेठजी हसले. "ज़रूरत ही क्या है बुआजी. घर में चार रखी हैं."

आत्या हसू लागली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. शेठजीही हसले, का ते न कळता. प्रतिमाने तिला हात धरून रिक्षात बसवलं तेव्हाही ती मध्येच हसत होती.

कार्तिकी एकादशीनंतर बस निघणार होती. करायचं तर रीतसर, असं आत्याचं म्हणणं पडलं. तिने त्या वर्षीचं शेठजींचं धोतर आणि नारळ रत्नाकरच्या हातात दिला, गुडघ्याला लावायचं तेल दिलं आणि परिक्रमा परस्पर दुसऱ्या कोणाला विकायची नाही असं बजावलं. ग्वारीघाटावर रत्नाकरने बाटलीत पाणी भरून घेतलं आणि गुरुजींना संकल्पासाठी नाव सांगितलं. "विनता खिरवडकर." गुरुजींनी वर पाहिलं. रत्नाकर म्हणाला, "कृते."

बसमध्ये बहुतेक मंडळी निवृत्त. मागच्या बाजूला सिहोऱ्याच्या तीन बाया होत्या, ढोलक घेऊन. त्यांतली थोरली काठी टेकत चालायची, तोंडात दात नव्हते, आणि बसची पायरी दर वेळी रत्नाकरच्या आधी चढून मोकळी व्हायची. अमरकंटकला तिने त्याला विचारलं, "भैया, अकेले आए हो? घर से कोई नहीं आया?"

"बुआजी के लिए कर रहा हूँ," रत्नाकर अभिमानाने म्हणाला. "अस्सी के ऊपर हैं."

"बीमार हैं?"

"नहीं नहीं. एकदम ठीक हैं. दिन में दो बार छत पे चढ़ती हैं."

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तो काहे? उनके पाँव नहीं हैं?"

रत्नाकर हसला. गावाकडची माणसं थट्टेखोर असतात असं त्याने मनाशी म्हटलं. पण ते वाक्य बसमध्ये त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसलं. जागा होती तिथे.

अमरकंटकच्या कुंडापाशी त्याने हात जोडले ते आत्याच्या वतीने. दक्षिण काठाने बस पश्चिमेकडे वळली, नर्मदा खिडकीतून उजव्या हाताला येत-जात राहिली, आणि तो प्रत्येक घाटावर उतरून, गुडघा सावरत, मनात 'कृते' म्हणून पाण्याला हात लावत राहिला. होशंगाबादच्या पुढे मात्र तो ड्रायव्हरला विनंती करून मुक्कामाच्या जरा आधीच उतरला आणि थोडं चालला. कोणी माणूस पाठवून तपासलं असतं तर तो चालताना सापडला असता. कोणी पाठवलं नाही. बसला उशीर झाला म्हणून लोकांनी कुरकुर केली.

ओंकारेश्वरला देऊळ समोर बेटावर दिसत होतं. परिक्रमेत पात्र ओलांडायचं नसतं म्हणून सगळ्यांनी अलीकडूनच नमस्कार केला. रत्नाकर बाजारात गेला आणि हिरव्या बांगड्या मागितल्या. दुकानदाराने माप विचारलं. सगळा जन्म एका घरात काढलेल्या बाईच्या हाताचं माप त्याला ठाऊक नव्हतं. त्याने लहान-मोठ्या दोन्ही घेतल्या. नदीच्या मुखापाशी, जिथे समुद्रातून ओलांडायची मुभा असते, नावेतून पलीकडे जाताना त्याला उलट्या झाल्या. त्याही त्याने आत्याच्या नावावर घातल्या.

बस ग्वारीघाटावर परत आली तेव्हा सकाळ होती. आत्या प्रतिमाबरोबर पायऱ्यांवर उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, केस नीट बांधलेली, जणू तीच कुठे निघाली आहे. रत्नाकर पायऱ्या उतरून तिच्यापाशी गेला, बाटलीचं झाकण उघडलं आणि तिने पुढे केलेल्या ओंजळीत पाणी सोडलं.

आत्याने पाणी बघितलं, डोळ्यांना लावलं आणि उरलेलं नदीत सोडलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. आता एक जमा आहे तुझ्या नावावर."

"बरं." तिने पदराला हात पुसले. त्याने बांगड्या पुढे केल्या. लहान माप बरोबर बसलं. ती मनगट उन्हात फिरवून बघत राहिली. "मीरापेक्षा तुझा अंदाज चांगला आहे," ती म्हणाली. रत्नाकरने मोठं माप खिशातच राहू दिलं.

एवढ्यात सिहोऱ्याची म्हातारी काठी टेकत त्यांच्या शेजारून गेली. जाता जाता तिने आत्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, विशेषतः पायांपाशी, आणि "नर्मदे हर" म्हणून पुढे गेली.

"ही होती तुझ्या बसमध्ये?" आत्याने विचारलं.

"हो."

"माझ्याहून मोठी दिसते."

"असेल दोन-तीन वर्षांनी."

"अच्छा." आत्या घाटावर उभ्या असलेल्या बसकडे बघू लागली. ड्रायव्हर टपावरून सामान उतरवत होता. "काय रे रत्नू, गर्दी फार होती का बसमध्ये?"

रत्नाकरने सगळी नोकरी निरीक्षण विभागात काढली होती. विचारलेल्या गोष्टीचा चुकीचा अहवाल त्याला देता येत नसे.

बस अर्धी रिकामी होती.